एकाच वासाची दोन झाडं

ओट्यावरच्या डब्यात काहीतरी टपकन पडलं.

आवाज एवढासाच, पण तो घरभर ऐकू गेला. शुक्रवार होता आणि गल्लीतले यंत्रमाग आठवड्याच्या सुट्टीने बंद होते. एरवी भिंतींतून सतत खटखट यायची, पेल्यातल्या पाण्यावरही तिची बारीक वलयं उठायची. ती थांबली की घराने श्वास रोखून धरल्यासारखं वाटे.

"कोण आलं?" आतल्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं.

"कुणी नाही, आई. फळ पडलं देठावरून."

"तुझं ते बोखाड्याचं?"

"हो."

"मग आलंच की कुणीतरी," शुभदाताई म्हणाल्या आणि हसल्या. तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईचं हसू, चूक सापडल्यावरचं.

रुचिराने डब्याचं झाकण हलकेच वर केलं. उंबरासारखीच, पण हिरवी, खरखरीत लव असलेली फळं तळाशी पडली होती. त्यातल्या एका फळाच्या तोंडाशी काळे ठिपके हलत होते. तिने ते फळ चिमट्याने उचललं, काचेच्या बरणीत ठेवलं आणि बरणीच्या तोंडाला मलमल बांधली. एक ठिपका वर चढून मलमलीला आतून चिकटला आणि ओले पंख पसरू लागला.

"सुश्रुत, उठ. आल्या बघ."

पाच वर्षांचा सुश्रुत अंथरुणातून उठून थेट जेवणाच्या टेबलाशी आला. तोंड धुवायचं बाकी होतं, केस उभे राहिलेले होते. खुर्चीवर गुडघे टेकून त्याने बरणीला नाक लावलं.

"किती वेळ आहेत या?"

"आजचा दिवस. फार तर."

त्याने मान डोलावली. त्याला ते माहीत होतं. तरी दर वेळी तो विचारायचा.

टेबलाच्या एका टोकाला पोह्यांची बशी होती. दुसऱ्या टोकाला काचेची एक नळी होती, पुढे जाऊन दोन फाट्यांत फुटलेली. एका फाट्याच्या टोकाशी बोखाड्याच्या नर झाडाचं कच्चं फळ, दुसऱ्याच्या टोकाशी मादी झाडाचं. माशी मागून सोडायची आणि ती कुठल्या फाट्याने जाते ते पाहायचं. प्रयोगशाळा मुंबईला, माशीचं आयुष्य एका दिवसाचं, आणि झाडं जवळच्या कोन गावात, खाडीकडच्या चरावर, गोदूबाई नावाच्या बाईंच्या गोदामांच्या मागे. म्हणून प्रबंधाचा हा तुकडा भिवंडीतल्या या टेबलावर चालला होता. सुश्रुत शाळेत असताना, झोपलेला असताना, आणि शुक्रवारी, शाळेला सुट्टी म्हणून तो शेजारी बसलेला असताना.

तिने पहिली माशी सोडली. वंशाने गांधीलमाशी, आकाराने चिलटाहून लहान. ती काचेवरून चालत फाट्यापर्यंत गेली आणि थांबली.

"आता तिला कळत नाहीये," सुश्रुत कुजबुजला.

"हं."

"दोन्हीकडून सारखाच वास येतोय."

"अगदी सारखा."

हे तिनेच त्याला सांगितलं होतं, गोष्टीसारखं. बोखाड्याच्या फळाला टोकाशी बारीक दार असतं. माशी त्यातून आत शिरते. दार इतकं अरुंद की शिरताना तिचे पंख तुटून बाहेरच राहतात. नराच्या फळात शिरली तर ती अंडी घालते, तिची पिल्लं तिथेच वाढतात आणि एके दिवशी फुलांची पिवळी धूळ अंगावर घेऊन बाहेर पडतात. मादीच्या फळात शिरली तर झाडाला बी धरतं. पण तिथली फुलं अशी असतात की तिची अंडी आत पोहोचतच नाहीत. ती फिरत राहते, प्रत्येक फुलाशी जाते, आणि तिथेच संपते.

जे तिने त्याला सांगितलं नव्हतं ते प्रबंधात होतं. लाखो वर्षं या माशीला एकच वास हवा होता. बाकीचे वास ओळखणारी जनुकं तिच्यात एकेक करून मोडत गेली आणि कुणाचं काही बिघडलं नाही. आता तिला आंब्याचा मोहोर कळत नाही, सांडलेली साखर कळत नाही. जगात एकच झाड आहे. आणि झाडाकडूनही तसंच. ज्या मादी झाडाचा वास नरापेक्षा जरा निराळा निघाला, त्याच्या दारात कुणी आलं नाही. त्याचा वंश तिथेच थांबला. उरली ती झाडं हुबेहूब वास असलेली. फसवणूक म्हणावी तर कुणी केलीच नव्हती. दोघांनी एकमेकांना इतकं घडवलं होतं की आता फरक कळणं दोघांनाही परवडणार नव्हतं.

माशी डावीकडे वळली.

"मादी," सुश्रुत म्हणाला. मग जरा थांबून, "बिचारी."

रुचिराने नोंद करायला पेन उचललं, आणि सवयीने दुसरा हात त्याच्या कानावरून फिरवला. उजव्या कानापुढे, जिथे कान गालाला मिळतो, तिथे टाचणीच्या टोकाएवढं एक भोक होतं. जन्मापासूनचं. बालरोगतज्ज्ञ तेव्हा म्हणाले होते, "काही नाही याचं. पुष्कळदा पिढीजात असतं, घरात असेल कुणाला तरी." शुभदाताईंनी लगेच घरातले सगळे कान आठवून पाहिले होते. "आमच्याकडे नाही बाई कुणाला. तुमच्याकडचं असणार."

"हो," रुचिरा म्हणाली होती. "माझ्या आजोबांना होतं."

आजोबांना नव्हतं. असतं, तरी ते सुश्रुतपर्यंत आलं नसतं. तीन वेळा ठाण्याच्या एका दवाखान्यात तिच्या बीजांडांतून काहीच धरलं नव्हतं. चौथ्या वेळी बीजांड दुसरीचं होतं. ती दुसरी कोण हे विचारायचं नसतं, सांगितलंही जात नाही. उंची, रक्तगट, वर्ण जुळवून घेतो एवढं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. हे तिला माहीत होतं आणि तिच्या नवऱ्याला, श्रीनाथला. तिसऱ्या कुणाला नाही. पोट तिचं होतं, कळा तिच्या होत्या, दूध तिचं होतं. तरी ती झोपलेल्या सुश्रुतकडे पाहायची ती उगाच नाही. आपल्याकडचं काही त्याच्यात उतरलंय का, ते ती शोधायची. जनुकं शिकलेली बाई, जिला हे उतरणार नाही हे पक्कं ठाऊक होतं.

"आई, माझं दार सांग." त्याने कानापुढच्या भोकावर बोट ठेवलं.

"किती वेळा रे?"

"सांग ना."

"तू पोटात होतास ना, तेव्हा माझा आवाज या दारातून आत यायचा. मी गाणं म्हटलं की तू लाथ मारायचास."

"वाईट गाणं म्हटलं की," आतून शुभदाताई म्हणाल्या.

गोदूबाई आल्या त्या बेल न वाजवता. चपला काढता काढताच त्यांचं बोलणं सुरू झालं.

"काय गो बाय, त्या बोखाड्यान काय सोनं सापडलं का न्हाय अजून? आमचा कुणाल बोलतो, आई, तोडून टाकू, तिकडं ट्रक वळवायला जागा होल. मी बोल्ली, थांब, ती भिवंडीची बाय किडं मोजतं, तिचं झालं का मग तोड."

"अजून एक वर्ष लागेल, गोदूमावशी."

"एक वरीस? किडा जगतो एक दीस आनि मोजाला एक वरीस?" त्यांनी पोहे बघितले. "हं, कांदा बरा घातलास."

त्यांच्या मागे एक बाई उंबऱ्याशी उभी होती. तिशीच्या आतबाहेरची, हातात कापडाची पिशवी.

"ही पूर्वी. माझी भाची. तुझ्या पिशव्या हिनंच शिवल्या. ये गो आत, का तुला अक्षता देऊन बोलवाची?"

आतापर्यंत पिशव्या गोदूबाईंच्या हातूनच यायच्या. झाडावरच्या कच्च्या फळांना माशी लागू नये म्हणून त्यांवर बांधायच्या मलमलीच्या छोट्या पिशव्या, तोंडाशी नाडी ओवलेल्या. शिवण इतकी बारीक की दोन धाग्यांमधून काही जाऊ नये. रुचिराला वाटे, हे हात कुणा म्हाताऱ्या बाईचे असणार.

"फार छान शिवता तुम्ही," ती म्हणाली.

पूर्वीने मान हलवली. ती टेबलाकडे पाहत होती.

सुश्रुत अनोळखी माणसांसमोर खुर्चीखाली जाणारा मुलगा होता. बालवाडीचं पहिलं वर्ष त्याने बाईंच्या पदराआड काढलं होतं. आता तो खुर्चीवरून उतरला, पूर्वीचं बोट धरलं आणि तिला टेबलापाशी घेऊन आला.

"ही थांबलीय बघ. हिला कळत नाहीये."

"काय कलत न्हाय?"

"कुठे जायचं ते."

पूर्वी वाकली. दोघांनी नळीला जवळजवळ नाकं टेकवली. माशी फाट्यावर उभी होती. दोघांनीही मान डावीकडे, अगदी तेवढीच, कलती केली होती.

रुचिराने पोह्यांच्या बशा भरायला घेतल्या. एकाच बशीत तिने दोनदा पोहे वाढले.

"अगो, हा तर कुनाकडं जात न्हाय बोल्लीस ना?" गोदूबाई म्हणाल्या.

"नाही जात."

"मग हिच्याकडं कसा गेला? हिला तर आमच्या घरची कुत्री पन भुकतान."

पूर्वी हसली. आवाज न करता, खालचा ओठ दातांत धरून. सुश्रुत असाच हसायचा. खूप मुलं असं हसतात, रुचिराने स्वतःला सांगितलं. खूप माणसं.

"हात कुठं धुवू?" पूर्वीने विचारलं.

"आत, उजवीकडे. आईंच्या खोलीवरून."

पूर्वी आत गेली. अनवाणी पावलं, हलकी, जरा घाईची. मग आतून शुभदाताईंचा आवाज आला, खास एकाच माणसासाठी राखून ठेवलेला.

"आलास का रे पिल्ला? ये, टाळू दे बघू."

सुश्रुत टेबलापाशी होता. त्याने आजीच्या खोलीकडे पाहिलं, मग आईकडे.

काचबिंदूने शुभदाताईंची नजर गेल्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून घरातलं माणूस त्या पावलावरून आणि वासावरून ओळखत. श्रीनाथ कामावरून आला की वाटेत कुठे थांबला होता तेही सांगत. आणि नातवाची टाळू हुंगल्याशिवाय त्यांचा दिवस सरत नसे. "डोळ्यांना फसवता येतं," त्या म्हणत. आजवर एकदाही चुकल्या नव्हत्या.

रुचिरा दाराशी गेली. पलंगावर बसलेल्या शुभदाताईंनी दोन्ही हात पुढे केले होते. पूर्वी गोंधळून उभी होती. म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणावं ते न कळून ती खाली वाकली आणि तिने डोकं पुढे केलं. शुभदाताईंनी तिच्या भांगावर नाक टेकवलं, श्वास घेतला, आणि त्यांचा चेहरा सैल झाला.

"घामेजलायस केवढा," त्या म्हणाल्या.

मग त्यांचा हात मानेवर आला. वेणी लागली. हात तिथेच थांबला.

माग बंद होते. पलीकडच्या बिल्डिंगमध्ये कुणीतरी बादली भरत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

"ही पूर्वी आहे, आई," रुचिरा म्हणाली. "पिशव्या शिवून आणल्यात तिने."

"अगं बाई." शुभदाताईंनी हात मागे घेतला, पण अगदी सावकाश. "माफ कर हं पोरी. म्हातारीचं काही खरं नाही."

"ऱ्हाऊं द्या आजी," पूर्वी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "कोन करतं असं आता."

एका पिशवीची नाडी उसवली होती. ती दिसताच पोहे बाजूला सारून पूर्वी शिवायला बसली. दोऱ्याचं टोक तिने ओठांत धरून ओलं केलं, सुईत ओवलं. सुश्रुत तिच्या गुडघ्याला टेकून उभा होता. त्याने काडेपेटी आणून तिला दाखवली. फळांच्या दारात अडकून तुटलेले माश्यांचे पंख तो त्या पेटीत जमवायचा. पंख इतके पातळ होते की काडेपेटी उघडली तर रिकामीच वाटे, आणि जवळ श्वास घेतला तर त्यातलं काहीतरी हले.

"हे परत लागत न्हाय का?" पूर्वीने विचारलं.

"नाही लागत," सुश्रुत म्हणाला. "तिला नको पण असतात. आत अंधार असतो."

रुचिरा समोर बसली. विचारू नये असं तिने ठरवलं होतं, आणि तिचाच आवाज तिच्या कानावर आला.

"तुम्ही कोनलाच असता आधीपासून?"

"न्हाय. मधी ठाण्याला व्हती. वरीसभर."

"कामाला?"

पूर्वीने टाका ओढला. "हं. कामालाच."

"कसलं काम नि कसलं काय," गोदूबाई म्हणाल्या. "नवरा गेला, सासरच्यांनी हिची पोर ठेवून घेतली आनि हिला बोल्ले, जा. मग कुनीतरी ठाण्याचा दवाखाना दाखवला. मी बोल्ली हिला, तेवा माझ्याकडं का न्हाय आलीस? तर बोलतं, मावशी, कुनाच्या तरी घरान दिवा लागंल."

"मावशी," पूर्वी म्हणाली, फक्त एवढंच.

गोदूबाईंनी पोह्यांची बशी पुढ्यात ओढली.

पूर्वीने दोरा दातांनी तोडण्यासाठी मान तिरपी केली. केस मागे सरकले. उजव्या कानापुढे, जिथे कान गालाला मिळतो, तिथे टाचणीच्या टोकाएवढं एक भोक होतं.

शंभरात एखाद्याला असतं, रुचिराच्या डोक्यातल्या शिकलेल्या बाईने लगेच सांगितलं. काही ठिकाणी तर जास्त जणांना. यावरून काही सिद्ध होत नाही. ठाण्यात दवाखानेही पुष्कळ आहेत. नळीत माशीने अखेर वळण घेतलं होतं. कुठल्या बाजूला ते तिने पाहिलं नाही.

निघताना पूर्वीने सुश्रुतच्या केसांवरून हात फिरवला नाही. हात अर्ध्यावर आला आणि तिने तो पदराला पुसला.

"पुडच्या शुक्रवारी आनखी लागतील का पिशव्या?" तिने विचारलं. रुचिराकडे न पाहता.

रुचिराने कपाटाकडे पाहिलं. कपाटात पिशव्यांचा गठ्ठा पडून होता.

"कळवते," ती म्हणाली.

दार लागलं. जिन्यावरून गोदूबाईंचं बोलणं खाली उतरत गेलं. पूर्वीचं पाऊल ऐकू आलं नाही.

"रुचिरा," आतून हाक आली.

"हं, आई."

"कोण होती म्हणालीस ती?"

"गोदूबाईंची भाची. कोनची."

मग पलंग करकरला.

"डोळ्यांमागोमाग नाकही गेलं म्हणायचं माझं," शुभदाताई म्हणाल्या. आणि जरा वेळाने, खालच्या आवाजात, "तसंच म्हणूया आपण."

रुचिरा टेबलापाशी उभी राहिली. पोह्यांच्या बशीशेजारी दोऱ्याचा तुकडा पडला होता, बोटभर लांब, टोकाशी अजून जरासा ओलसर. तिच्या हाताने चिमटा उचलला. हाताला सवय होती. दोरा उचलला गेला, छोट्या कुपीत पडला, झाकण बसलं. सोमवारी प्रयोगशाळेत जायचंच होतं. सुश्रुतचा तर घरात केस होता, नख होतं, पेल्याच्या काठाची लाळ होती. यंत्राला कुणाचं नाव लागत नाही. दोघांची जनुकं ताडून पाहिली की दुपारपर्यंत उत्तर. तिने कुपीवर कागदाची पट्टी चिकटवली आणि पेनचं टोपण काढलं.

सुश्रुत नळीशी वाकून बसला होता. एका फाट्याच्या टोकाशी, फळाच्या दारात, माशी अर्धी आत गेली होती. पंख बाहेर राहिले होते, अजून थरथरत.

"आई, पूर्वीमावशीला पण दार आहे. माझ्यासारखं. याच बाजूला."

"हो का?"

"तू नाही पाहिलंस?"

पेनचं टोक पट्टीवर टेकलं होतं. तिथे शाईचा ठिपका पडला आणि हळूहळू पसरू लागला.

"माझ्या दारातून तुझा आवाज आत आला," तो म्हणाला. तो शब्द जुळवत होता, एकेक, काळजीपूर्वक, अगदी रुचिरासारखं. तिने त्याच्या कलत्या मानेकडे पाहिलं.

"मग तिच्या दारातून बाहेर कोण आलं?"